खालच्या ओळीतलं नाव

तार्तूच्या वनस्पतिसंग्रहालयात, तळघरात, कपाट एकोणीस.
इथं आम्ही हळू बोलतो.
वाळलेल्यांची झोप मोडेल म्हणून नव्हे,
तोंडच्या वाफेनं पाकिटं दमट होतात म्हणून.

काचेवर एक खपली ठेवते.
दगडफूल. सारेमा बेटावरच्या एका धोंड्याचं,
जुलै, एकोणीसशे एकाहत्तर.
गोळा करणारी: हेल्वे राउडसिक.
नाव देणारा: एन्डेल राउडसिक.
नवरा. माझे सर.
पोटॅशचा एक थेंब. आधी पिवळं,
मग गंज चढावा तसं सावकाश तांबडं.

सर शिकवायचे: वंशाचं नाव आधी, स्वतःचं नंतर,
मग ज्यानं ठेवलं त्याचं, मग साल.
आणि एकालाच दोन नावं पडली चुकून
तर जुनं जिंकतं.
सुंदर नव्हे. जुनं.
हेही शिकवायचे, की दगडफूल म्हणजे दोघांचा संसार:
बुरशी घर बांधते, शेवाळ रांधतं,
दारावरची पाटी मात्र एकट्या बुरशीची.
हेल्वे हे ऐकून मोठ्यानं हसायच्या म्हणे.
मी ऐकलं नाही. मी आले तेव्हा
खुंटीला त्यांचा रेनकोट होता फक्त,
खिशात छिन्नीसकट.

मार्चमध्ये रीगाहून खोका आला, उसना.
वर्तमानपत्राच्या घडीत एक खपली, अठराशे त्र्याण्णव,
कुण्या जर्मन औषधविक्यानं कुंपणाच्या दगडावरून खरवडलेली.
त्यानं नाव काय ठेवावं? स्क्वालिडा.
म्हणजे मळकी.
याला नाव ठेवणं म्हणावं की नावं ठेवणं!
थेंब टाकला. पिवळं. मग गंज.
बीजाणू मोजले, पिशवीत आठ,
तेवढेच लांब, तेवढेच जाड.
डीएनए पाठवला, कारण मला चुकायचं होतं.
चुकले नाही.

मग घडी पूर्ण उघडली, तर तळाशी चिठ्ठी,
पेन्सिलीनं:
पाहिलं. ए. रा., १९७४.

बस, एवढंच.
स्वल्पविराम चुकला तर प्रबंध परत करणारा माणूस,
त्यानं इथं पूर्णविराम दिला, पाकीट मिटलं,
टपालात टाकलं,
आणि पन्नास वर्षं या विषयावर
कुणी विचारलं नाही म्हणून बोलला नाही.

सर आता विल्यांडीला असतात, तळ्याकाठच्या वृद्धाश्रमात.
छापील पान घेऊन गेले.
वरच्या ओळीत स्क्वालिडा.
खाली, जरा आत सरकवून, बरोबरचं चिन्ह, आणि हेल्वेए.
आमच्यात नाव पुसत नाहीत, तशी सोयच नाही.
पुढं जो कुणी यादी करील
त्याला ती खालची ओळ उतरवून घ्यावीच लागते,
हात दुखला तरी.

त्यांनी भिंगातून वाचलं. साल तपासलं.
एका संक्षेपापुढं टिंब राहिलं होतं,
ते नखानं दाखवलं.
चिठ्ठीचं मी विचारलं नाही.
त्यांनी विचारलं, तळघरात अजून दमट होतं का.
"हो, थोडं."
मग खिडकीकडं बघत,
"धोंड्यावर जाऊन आलीस?"
"ऑगस्टात."
"केवढं झालंय?"

हेल्वेंनी खरवडून उरलेलं होतं ते, कोटाच्या बटणाएवढं;
वहीत त्यांनी काढलेलं चित्र आहे, शेजारी खरंच एक बटण.
माझ्याकडं आकडा होता, मिलिमीटरमध्ये,
तीनदा मोजलेला.
तो सांगितला नाही.
त्यांच्याच कॉफीच्या पेल्याच्या काठावरून
बोट फिरवलं, पूर्ण गोल.

त्यांनी वाकून पेल्यात पाहिलं.
कॉफी घेतली नाही.